सुप्रोफेन नावाचे डोळ्यात टाकायचे थेंब आता का मिळत नाहीत? ते किडनीला धोकादायक होते का?

यात दोन गोष्टींची सरमिसळ होते बघा. किडनीचा त्रास झाला तो गोळ्यांमुळे, थेंबांमुळे नाही. अमेरिकेत सुप्रोल नावाने याच्या गोळ्या मिळायच्या, पण घेतल्यावर काही तासांतच लोकांच्या कमरेच्या बाजूला, बरगड्यांखाली जोरात दुखायचं आणि काहींची किडनी तात्पुरती बंदच पडायची, कारण हे औषध युरिक ॲसिड एकदम लघवीत सोडतं आणि त्याचे खडे किडनीच्या बारीक नळ्यांत अडकतात असं मानतात, म्हणून 1987 मध्ये गोळ्या बाजारातून काढल्या.

थेंब वेगळे, प्रोफेनल नावाचे, 1 टक्क्याचे. मोतीबिंदूचं ऑपरेशन चालू असताना डोळ्याला हात लागला की प्रोस्टाग्लँडिन नावाचं शरीरातलं रसायन सुटतं आणि बाहुली आकसते, मग सर्जनला आतलं नीट दिसत नाही. ती मोठी राहावी म्हणून ऑपरेशनआधी हे टाकायचे, सूज उतरवायला नाही. नंतर तेही बंद झाले.

आता त्याच कामाला फ्लर्बिप्रोफेन, केटोरोलॅक, नेपाफेनॅक असे थेंब देतात, आपल्याकडेही. आईबाबांचं ऑपरेशन असेल तर काळजी करू नका, फक्त ॲस्पिरिनची किंवा पेनकिलरची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी नक्की सांगा, हे थेंब त्याच जातीचे आहेत.