ट्रॅकसाठी केलेली चाकांची अलाइनमेंट चुकली, गाडी टायरच्या भिंतीत गेली, आता पैसे कोणाकडून घ्यायचे?

प्रश्न: कोल्हापूरला आमची फाउंड्री आहे. कंपनीच्या नावावर सेकंडहँड पोर्शे ७१८ केमन घेतलीय, चालवतो मीच. चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूरच्या रेसट्रॅकवर ट्रॅक डे (आपली गाडी ट्रॅकवर जोरात चालवायचा दिवस) होता म्हणून बंगळुरूच्या एका गॅरेजमध्ये अ‍ॅडजस्टेबल लोअर आर्म (चाक धरून ठेवणारे खालचे दांडे) टाकून ट्रॅकसाठी अलाइनमेंट करून घेतली, १ लाख ९० हजार झाले. तिसऱ्या सेशनला ब्रेक मारून उजवीकडे वळताना मागचं एकदम सुटलं आणि गाडी टायरच्या भिंतीत. एस्टिमेट ११ लाख ४० हजार. इन्शुरन्सने क्लेम नाकारला. गॅरेजवाला म्हणतो ‘ओन रिस्क’च्या फॉर्मवर तुमची सही आहे, आणि जास्त बोललात तर मॉडिफिकेशनचं आरटीओला कळवतो. व्हॉट्सअ‍ॅप चॅट, प्रिंटआउट, बिल जोडलंय.

उत्तर: साहेब, तुमचे कागद दोनदा वाचले आणि मग अलाइनमेंटचा प्रिंटआउट घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या अलाइनमेंटवाल्याकडे गेलो, कारण कॅम्बर (चाक उभ्यात किती कललंय) आणि टो (चाक आत-बाहेर किती बघतंय) या विषयात माझी अक्कल त्याच्यापेक्षा कमी. तो दिवसभर स्विफ्ट आणि टेम्पो बघतो, तुमची गाडी त्याने फक्त मोबाइलवर पाहिलेली, पण कागद हातात घेतल्यावर अर्ध्या मिनिटात एका खान्यावर बोट ठेवलं. ‘साहेब, डावं मागचं चाक फेंगडं आहे की हो.’ आणि स्वतःचा पाय बाहेर वळवून दाखवला.

तुमची केस त्या एका खान्यात आहे. पुढचा कॅम्बर उणे २ अंश ३० मिनिटं (मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग), मागचा उणे २ अंश, हे तुम्हीच मागितलेलं आणि ट्रॅकसाठी ठीक आहे, वळणात गाडी कलते तेव्हा बाहेरच्या चाकाचा पट्टा सपाट टेकावा म्हणून. मशीनमध्ये पोर्शेची मूळ मापं भरलेली असल्याने हे आकडे लाल येणारच. पण मागच्या डाव्या चाकाचा टोही लाल आहे, उणे ० अंश १४ मिनिटं, या मशीनवर उणे म्हणजे टो-आउट, चाक बाहेर बघतंय. उजवं अधिक ९ मिनिटं, म्हणजे जवळपास बरोबर. आणि चॅटमध्ये तुम्ही लिहिलंय, ‘रिअर टो-इन १० मिनिट्स पर साइड’, म्हणजे मागचं प्रत्येक चाक १० मिनिटं आत, त्यावर गॅरेजवाल्याचा अंगठा. कागद सगळा लालच दिसत होता म्हणून तुम्ही सगळं लाल मुद्दाम केलेलं समजून पुढे गेलात, आणि गॅरेजवालाही तसाच गेला असणार. मागितलेल्या आणि दिलेल्या मापात २४ मिनिटांचा फरक, तुमच्या १९ इंची रिमच्या पुढच्या-मागच्या कडेत धरला तर साधारण साडेतीन मिलिमीटर. उजव्या वळणात वजन डाव्या मागच्या चाकावर येतं आणि ते चाक बाहेर बघत असेल तर गाडीचं बूड बाहेर ओढतं, त्यात ब्रेकमुळे मागचं आधीच हलकं झालेलं. आमच्या अलाइनमेंटवाल्याच्या मते मागचा कॅम्बर हलवला की टोही हलतो, म्हणून टो नेहमी शेवटी लावायचा, इथे उलटं झालं असावं. ते ‘असावं’ आपल्याला कोर्टात सिद्ध करायची गरज नाही, का चुकलं ते त्यांनी सांगावं, आपण चुकलंय एवढं दाखवायचं.

कायद्याचं म्हणाल तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम २(११). सेवेतली त्रुटी म्हणजे फक्त एखाद्या कायद्याने ठरवलेल्या दर्जात कमी पडणं नाही, कराराने किंवा एरवी जे करून द्यायचं कबूल केलं त्यात कमी पडणं हीसुद्धा त्रुटीच. गॅरेजवाला उद्या म्हणेल की ट्रॅक सेटअपला ठरलेलं माप नसतं, प्रत्येकाचं वेगळं असतं. अगदी बरोबर, म्हणूनच तुमच्यासाठी ठरलेलं माप म्हणजे तो मेसेज. तो तसाच ठेवा, फोन बदलू नका, आणि इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट लागतं ते आम्ही करून घेऊ.

‘ओन रिस्क’च्या फॉर्मला फार घाबरू नका. ट्रॅकवर जोरात चालवण्यात जो धोका आहे तो तुम्ही पत्करलात, चाक चुकीचं लावून मिळण्याचा धोका पत्करला असं त्या कागदात कुठेही लिहिलेलं नाही, मी शोधलं. फक्त एक सांभाळायचं, तक्रारीत ‘हा फॉर्म म्हणजे अनफेअर कॉन्ट्रॅक्ट आहे, तो रद्द करा’ असली मागणी घालायची नाही. ती ऐकायचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला नाही, राज्य आयोगाकडे जावं लागतं, आणि समोरचा वकील पहिल्या तारखेला तेवढ्यावरच तक्रार उडवायला बघेल. आपण साधी सेवेतली त्रुटी म्हणायचं.

तक्रार कोल्हापूरच्या जिल्हा आयोगातच करता येईल, गॅरेज बंगळुरूला असलं तरी, कलम ३४ मध्ये तक्रारदार राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करायची सोय २०१९ च्या कायद्याने दिली आहे. नुकसान ११ लाखांचं असलं तरी अधिकारक्षेत्र आणि फी ठरते दिलेल्या मोबदल्यावर, तो १ लाख ९० हजार, म्हणजे जिल्हा आयोग आणि फी शून्य. मुदत दोन वर्षं, पण दोन वर्षं थांबायचं नसतं.

आता तुमची दुखरी बाजू. गाडी कंपनीच्या नावावर, बिल तुमच्या नावावर, त्यामुळे तक्रारदार कोण यावर ते भांडतील. कंपनी आणि तुम्ही दोघंही तक्रारदार व्हा, बोर्डाचा ठराव जोडा. ‘कंपनीची गाडी म्हणजे व्यापारी हेतू, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही’ हा मुद्दा येणारच, पण २०२४ साली सुप्रीम कोर्टाने मर्सिडीज गाड्यांच्या प्रकरणात संचालकाच्या वापरासाठी कंपनीने घेतलेली गाडी तेवढ्याने व्यापारी हेतूची होत नाही असं धरलंय. तुमची केमन काही कास्टिंग डिलिव्हरीला जात नाही. फक्त ट्रॅक डेचा खर्च कंपनीच्या हिशोबात ‘बिझनेस प्रमोशन’ म्हणून दाखवला असेल तर मला आत्ताच सांगा, तारखेला कळायला नको.

इन्शुरन्सबद्दल मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. प्रायव्हेट कार पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात, त्यात ऑर्गनाइज्ड रेसिंग आणि स्पीड टेस्टिंग दोन्ही वगळलेलं असतं. तुम्ही म्हणाल रेस नव्हतीच, बक्षीस नव्हतं, सोबत कोच होता, हा मुद्दा मांडता येतो. पण तुमच्या लॅप टायमिंगचा स्क्रीनशॉट तुम्हीच इन्स्टावर टाकलाय आणि सर्व्हेयरने तो फाइलला लावलाय. विमा लोकपाल फुकट आहे, पण तो मुख्यतः वैयक्तिक पॉलिसीवाल्यांसाठी, फार तर मायक्रो एंटरप्राइजसाठी, तुमची फाउंड्री त्यात बसत नसेल तर ते दार बंद. माझं मत, या वादावर पैसे घालवू नका. सर्व्हेयरच्या रिपोर्टची कॉपी मात्र मागून घ्या, नुकसानीचा आकडा तिऱ्हाईताने काढलेला आयता मिळतो. आणि पोस्ट डिलीट करू नका हं, पुरावा पुसल्यासारखं दिसतं, नवीन काही टाकू नका एवढंच.

आरटीओची धमकी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ म्हणतं की आरसीतला तपशील गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल करायचा नाही, आणि १८२अ(४) खाली प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. कॅम्बर-टो फिरवणं ही अ‍ॅडजस्टमेंट, आरसीवर त्याचं काही नसतं. आर्म बदलले त्याबद्दल मात्र तुम्ही अगदी स्वच्छ आहात असं मी लिहून देणार नाही, मूळ रचनेत बदल करण्याबद्दल सुप्रीम कोर्ट २०१९ मध्ये कडक बोललंय. पण ते आर्म विकले कोणी, बसवले कोणी, जीएसटीचं बिल कोणी दिलं? ती तक्रार करताना त्याला स्वतःचंच बिल जोडावं लागेल. धमकीचा मेसेज असेल तर तो सेव्ह करा, उत्तर देऊ नका.

खरी लढाई होणार ती अपघात कशामुळे झाला यावर. ते म्हणतील ड्रायव्हरची चूक, किंवा धक्क्याने माप हललं, किंवा येताना खड्ड्यात गेलं, किंवा प्रिंटआउट काढल्यावर आम्ही हाताने नीट केलं होतं. शेवटचं तर मी बऱ्याचदा ऐकलंय, तेव्हा ‘मग दुसरा प्रिंटआउट कुठाय’ एवढंच विचारायचं. धक्क्यानंतर घेतलेलं माप आपल्याही कामाचं नाही, म्हणून आधीचा कागद सोन्याचा. खड्ड्याच्या मुद्द्यावर तुमचं नशीब जोरावर आहे, गाडी बंगळुरूहून फ्लॅटबेड ट्रकवर नेलीत. नाहीतर हायवेचे तीनशे किलोमीटर आपल्या गळ्यात आले असते.

राहिला ड्रायव्हर. डॅशकॅमचा व्हिडिओ तुम्ही पाठवलात तो अकरा सेकंदांचा आहे, वळणाच्या आधीपासून सुरू होतो आणि भिंतीवर संपतो. मला तिन्ही सेशन पूर्ण हवेत. त्याच वळणावर आधीच्या लॅप्समध्ये मागचं थोडं थोडं सुटत असेल आणि तुम्ही स्टिअरिंग उलटं मारून सावरताय असं दिसत असेल, तर एकीकडे अलाइनमेंट चुकल्याचा तो फार चांगला पुरावा आहे आणि दुसरीकडे ‘कळत होतं तर थांबला का नाहीत’ या प्रश्नालाही तोच पुरावा. तसं असेल तर आयोग भरपाईत काट मारू शकतो, सगळे ११ लाख ४० हजार मिळतील असं धरून बसू नका. निम्म्यावर तडजोड आली तर मी तुम्हाला विचार करा म्हणेन.

या आठवड्यात करायचं ते असं की गाडी अजिबात खोलू देऊ नका. मी गॅरेजला नोटीस काढतो, पंधरा दिवसांची मुदत, आणि त्यात एक तारीख देतो, अमुक दिवशी गाडीची पाहणी आहे, तुमचा माणूस पाठवा. आले तर बरं, नाही आले तरी आपला इंजिनिअर मागच्या आर्मचे बोल्ट, त्यावरच्या खुणा, शिम्सची (माप जुळवायच्या पातळ चकत्यांची) जाडी, सगळ्याचे फोटो काढून अ‍ॅफिडेव्हिट करेल. शोरूमच्या यार्डात रोजचं पार्किंग लागतंय म्हणालात, ते त्यानंतर लगेच थांबवू, उगाच वाढवलेलं भाडं आयोग देत नाही. आणि फ्लॅटबेडवाल्याची बिल्टी शोधा, ओरिजिनल, त्यावर चढवताना आणि उतरवतानाचं किलोमीटर रीडिंग लिहिलेलं असलं तर उत्तमच. नसेल सापडत तर आजच त्याला फोन लावा, त्यांचे बुक्स वर्ष संपलं की रद्दीत जातात.