सरासरीवर विसंबू नका: सांडवा, भोवरे आणि तुमचे प्रश्न

तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

प्र. धरणावरून पडणारं पाणी गरम होतं म्हणतात, खरं का?
होतं, पण 100 मीटर पडलं तरी पाव अंशसुद्धा नाही. हात घालून कळणार नाही.

प्र. मग एवढी ऊर्जा जिरते कुठे?
मोठा भोवरा फुटून छोटे होतात, त्यांचे आणखी छोटे, असं करत अगदी बारीक झाले की पाण्याचा चिकटपणा त्यांना थांबवतो, तिथे उष्णता होते.

प्र. गावच्या बंधाऱ्याच्या खालच्या एप्रनला, म्हणजे पाणी पडतं तिथल्या काँक्रीटच्या फरशीला, भेग पडलीय. ठेकेदार म्हणतो तिथे सरासरी दाब काहीच नाही, सिमेंट भरून टाकू.
"सरासरी" शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हने 1941 मध्ये या भोवऱ्यांचं गणित मांडलं तेव्हा ऊर्जा सगळीकडे साधारण सारखीच जिरते असं धरलं होतं, भौतिकशास्त्रज्ञ लांडाऊने त्यावर शंका काढली आणि 1962 मध्ये कोल्मोगोरोव्हने स्वतःच दुरुस्ती केली. कारण भोवरा ताणला गेला की बारीक होतो आणि जोरात फिरतो, शेजारचे भोवरे त्याला अजून ताणतात, मग एवढ्याशा जागेत क्षणभर सरासरीच्या हजारो पट ऊर्जा जिरते, बाकी पाणी निवांत. आता हे सूक्ष्म झटके काही एप्रनचा स्लॅब उचलत नाहीत हं, तो मोठ्या भोवऱ्यांच्या दाबाचा खेळ, पण चूक तीच, सरासरीवर विसंबायची. दाब वरखाली होत राहतो, वेगाचं पाणी भेगेतून खाली शिरतं आणि खालून स्लॅब ढकलतं. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल धरणाचा सांडवा फेब्रुवारी 2017 मध्ये असाच फुटला, दीड लाखाहून जास्त लोकांना घरं सोडायला लागली. नुसतं सिमेंट भरू नका, आधी खालचा भराव वाहून गेलाय का ते बघायला हायड्रॉलिक्सवाला इंजिनिअर बोलवा, आणि पावसाळ्याआधी बोलवा, जुलैत नाही! मोठ्या कामासाठी खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, तिथे सांडव्याची मॉडेलं बांधून बघतात.

प्र. व्होर्टेक्स नळ (पाणी भोवऱ्यासारखं फिरवणारा) लावला की पाणी "ऊर्जावान" होतं का?
उलट आहे, भोवऱ्यात पाणी ऊर्जा गमावतं. पैसे वाचवा.

प्र. बंधाऱ्याखाली फेस असतो, खोल वाटत नाही, पोरं उड्या मारतात. चालेल?
नाही. तिथला वरचा प्रवाह उलटा बंधाऱ्याकडेच ओढतो, फेसात हवा असल्यामुळे माणूस नीट तरंगतही नाही, पट्टीचा पोहणारासुद्धा गोल गोल फिरत राहतो. कोणी अडकलंच तर मागोमाग उडी टाकू नका, काठावरून दोर फेका आणि 112 ला फोन करा.