सोळा हजारांचा प्रिंटर आणि वर्षाची दोनशे रुपये बचत

चिपळूणहून एका ताईंनी विचारलंय. त्या घरी कोकम आगळ आणि अमृत कोकम करून 200 मिलीच्या बाटल्यांत विकतात. एप्रिल, मे, जूनला महिना 300 बाटल्या, एरवी महिन्याला 60 च्या आसपास. लेबलं गावातल्या डिजिटल प्रिंटवाल्याकडून होतात: बारा बाय अठरा इंचांच्या स्टिकर शीटवर 24 लेबलं, छपाई आणि हाफ-कट (म्हणजे मागचा कागद न कापता फक्त स्टिकर कापणं) धरून 84 रुपये. म्हणजे लेबलामागे साडेतीन रुपये. "घरी छापलं तर रुपयात होतं," असं त्यांचं गणित आहे. त्यासाठी 14,500 चा इंक-टँक प्रिंटर आणि 1,200 चा कटर घ्यायचाय. पैसे 40,000 ची एफडी मोडून, जी जुलैत पिकणार आहे. घेऊ का, असा प्रश्न.

ताई, घेऊ नका. निदान या सीझनला तरी नाही.

तुमचा एक रुपया कागदावर बरोबर आहे. स्टिकर शीट 9 रुपये, शाई 3 रुपये, एका ए-फोर शीटवर 12 लेबलं. पण यात वाया जाणारं शीट धरलेलं नाही. कधी शीट तिरकं ओढलं जातं, कधी रंग फिका येतो, कधी कापताना कडा जाते. पाचातलं एक शीट गेलं, आणि सुरुवातीला जातंच, तर लेबल सव्वा रुपयाला पडतं. साडेतीनातून सव्वा गेला, बचत सव्वादोन रुपये. तुमच्या वर्षभरात साधारण 1,440 बाटल्या होतात, म्हणजे वर्षाला 3,240 रुपये. 15,700 वसूल व्हायला जवळजवळ पाच वर्षं लागतील, तेही प्रिंटर तोवर न कुरकुरता चालला तर. जुलैपासून पुढे तो बहुतेक वेळ बंदच राहणार. इंक-टँक हा इंकजेटच, आणि बरेच दिवस बंद राहिलेल्या इंकजेटचं हेड सुकतं, मग साफ करायला तीच शाई जाते. तुमच्या हिशेबात ही शाई कुठेच नाही.

आता खरी तुलना. पत्राच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय, की ऑफसेट प्रेसवाल्याने लॅमिनेशन आणि कटिंगसकट 2,000 लेबलांचे 2,800 सांगितले, पण "एवढी एकदम घेऊन काय करू?" म्हणून सोडून दिलं. ताई, पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तीच आहे. तिथे लेबल 1 रुपया 40 पैशांना पडतं. घरच्यापेक्षा फक्त 15 पैसे जास्त. वर्षाच्या 1,440 बाटल्यांवर हा फरक 216 रुपयांचा. तेवढ्यासाठी पावणेसोळा हजार गुंतवायचे का, हे तुम्हीच सांगा.

एकदम घेऊन काय करायचं, याचं उत्तर लेबलाच्या मांडणीत आहे. त्यावरच्या निम्म्या गोष्टी वर्षानुवर्षं बदलत नाहीत: पदार्थाचं नाव, घटक, 200 मिली, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर. बदलतात ते बॅच नंबर, तयार केल्याची तारीख, कुठल्या तारखेपर्यंत वापरावं ते, आणि एमआरपी. एमआरपीबरोबर प्रति मिली दरही येतो, तुमच्या 80 रुपयांच्या बाटलीला तो 40 पैसे. बदलणाऱ्या गोष्टींसाठी लेबलावर कोरी चौकट सोडून घ्या आणि ती घरी शिक्क्याने भरा. तारीख फिरवता येणारा शिक्का चारेकशे रुपयांत मिळतो. एमआरपी प्रेसमध्ये छापून घेऊ नका. छापलेल्या किमतीवर वाढीव किमतीची चिठ्ठी चिकटवता येत नाही, म्हणजे साखर महागली की उरलेली लेबलं रद्दीत. आगळ आणि अमृत कोकमचे घटक वेगळे, म्हणून लेबलंही दोन हवीत, पण प्रेसवाल्याला दोन्ही एकाच प्लेटवर बसवायला सांगा. हजार ही, हजार ती.

एक अडचण आधीच सांगतो. लॅमिनेशनवर साधी शाई धरत नाही, बोट लागलं की तारीख पुसते. प्लास्टिकवर चालणारी, लगेच सुकणारी शाई मागा. आणि ऑर्डर देण्याआधी प्रेसवाल्याकडून चार नमुने आणा. भरलेल्या बाटलीवर लावा, शिक्का मारा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. सकाळी बाहेर काढल्यावर बाटलीला घाम फुटेल, तेव्हा ओल्या अंगठ्याने घासून बघा. कडा सुटते का, शाई पसरते का, लगेच कळेल. घरच्या इंकजेटची साधी शाई बहुतेक या परीक्षेत नापास होते. तुमचं गिऱ्हाईक बाटली फ्रीजमध्येच ठेवणार आहे, त्यामुळे हा मुद्दा मला पैशाइतकाच मोठा वाटतो.

प्रिंटर कधी घ्यावा? संक्रांतीच्या वाणाच्या, बारशाच्या छोट्या बाटल्यांवर घरच्यांची नावं घालून द्यायच्या ऑर्डरी नियमित यायला लागल्या, किंवा दोनाचे आठ प्रकार झाले आणि प्रत्येकाचा खप थोडाथोडा असला, तर. तिथे हजाराच्या हिशेबात छापणं परवडत नाही. पण तशा पहिल्या काही ऑर्डरी सध्याच्या डिजिटलवाल्याकडूनच करून घ्या आणि नावाच्या लेबलाचे बाटलीमागे चार-पाच रुपये वेगळे लावा. लोक देतात. मुलांच्या शाळेसाठी घरात प्रिंटर हवाच असेल तर तो घरखर्च समजा, धंद्याच्या वहीत लिहू नका.

आता एफडी. तुम्ही लिहिलंय की गेल्या मेमध्ये माल संपला आणि दुकानदार मागत राहिले. मला तुमची खरी अडचण इथे दिसते. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पाऊस पडायच्या आत, रोखीनेच घ्यावे लागतात, आणि नेमके तेव्हाच हातात पैसे नसतात. एका बाटलीला 45 रुपये खर्च आणि 30 रुपये सुटतात, हे तुमचेच आकडे. 8,000 रुपयांत पावणेदोनशे बाटल्या जादा होतील, आणि विकल्या गेल्या तर पाच हजारांच्या वर हातात येतील. "विकल्या गेल्या तर" हे मी मुद्दाम लिहितोय. म्हणूनच सोळा हजार नाही, आठच हजार म्हणतोय.

तेवढ्यासाठीही एफडी मोडू नका. मुदतीआधी मोडली की बँका सहसा अर्धा ते एक टक्का व्याज कापतात, आणि तो फटका सगळ्या 40,000 वर बसतो. त्याऐवजी त्याच एफडीवर कर्ज घ्या. दर साधारण एफडीच्या व्याजापेक्षा एक-दोन टक्के जास्त असतो. 9 टक्के धरले तरी 8,000 वर चार महिन्यांचं व्याज 240 रुपये, आणि एफडीचं व्याज चालूच राहतं. मार्चअखेर घ्या, जुलैत एफडी पिकली की फेडून टाका. प्रेसचे 2,800 मात्र कर्जातून नकोत, ते आत्ता गल्ल्यातूनच द्या. मार्चनंतर लग्नपत्रिकांची गर्दी सुरू झाली की प्रेसवाला तुमचं काम पुढे ढकलत राहील.