आईला कार्पल टनेलचं (मनगटात नस दबल्याने हाताला मुंग्या येण्याच्या त्रासाचं) ऑपरेशन सांगितलंय. करावं का? हात पुन्हा नीट चालेल का?

रात्री मुंग्यांनी झोपमोड होणं एवढाच त्रास असेल, तर आधी मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री लावून आणि गरज पडल्यास स्टेरॉईडचं इंजेक्शन घेऊन बघतात. पण बोटं कायम बधिर राहत असतील किंवा अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा सपाट होत चालला असेल, तर कृपया थांबू नका. वाळलेला स्नायू नंतर पूर्ण भरून येईलच असं नाही.

ऑपरेशन लहान असतं. बहुधा फक्त हात बधिर करून तळव्याच्या मुळाशी छेद घेतात आणि मनगटातून बोटांकडे जाणाऱ्या मीडियन नसेवर दाब देणारा आतला आडवा पट्टा कापून मोकळा करतात. साधारण १५-२० मिनिटांचं काम, त्याच दिवशी घरी. दुर्बिणीने केलं तर कामावर थोडं लवकर परतता येतं, पुढे फरक फारसा उरत नाही. त्यासाठी जास्त खर्च करायलाच हवा असं मला वाटत नाही.

रात्रीच्या मुंग्या बऱ्याचदा काही दिवसांतच थांबतात. बधिरपणा जायला मात्र महिने लागतात. कणीक मळणं, कपडे पिळणं यासाठी लागणारी ताकदही दोन-तीन महिन्यांनी येते, तोवर आईला घाई करू देऊ नका. बोटं मात्र पहिल्या दिवसापासून हलवायची. मधुमेह आणि थायरॉईडही तपासून घ्या.