डाएट चार्ट देऊनही लोक तो पाळत नाहीत, तर आहारतज्ज्ञाने काय करावे?

आपण पुण्यात नुकतेच आहारसल्ल्याचे काम सुरू केले आहे. मधुमेहासाठी किंवा वजनासाठी येणारी मंडळी चार्ट घेऊन जातात आणि महिन्याभराने ‘जमलं नाही’ म्हणत परत येतात, तेव्हा त्यांना मार्गदर्शन कसे करावे, असे आपण विचारले आहे. मीही याच शहरात हेच काम करते आणि माझे स्पष्ट मत आहे, की पहिल्या भेटीत चार्ट देऊच नये.

ती भेट ऐकून घेण्यासाठी ठेवावी. ‘दिवसभरात काय खाता?’ असे विचारले, की ‘साधंच, घरचंच’ असे उत्तर मिळते आणि हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी कालचा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत विचारावा: चहा किती वेळा झाला, सोबत खारी होती की बिस्किटे, डब्यात पोळ्या किती होत्या, हिंजवडीहून घरी पोचायला किती वाजले आणि जेवण किती वाजता झाले. तेल किती चमचे लागते हे कोणालाच सांगता येत नाही, पण महिन्याला घरात किती येते हे नक्की सांगता येते. चार माणसांच्या घरात पाच लिटरचा डबा महिन्यात संपत असेल, तर माणशी दिवसाला सुमारे ३८ ग्रॅम तेल होते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये २००० किलोकॅलरींच्या आहारासाठी २७ ग्रॅम सुचवले आहे. हा हिशेब आपण न सांगता समोरच्यालाच कागदावर करायला लावावा. स्वतः काढलेल्या आकड्याशी माणूस सहसा वाद घालत नाही.

वजनकाट्यावर मात्र फार विसंबू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय (उंचीच्या प्रमाणात वजनाचा निर्देशांक) २२.३ होता, तरी शरीरातील चरबी एकाची २१.२ टक्के आणि दुसऱ्याची ९.१ टक्के निघाली. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ मध्ये छापलेले हे उदाहरण पुण्यातल्या प्रत्येक आहारतज्ज्ञाला ठाऊक असावे. जास्त चरबी अर्थातच पुणेकराची! म्हणून सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीच्याही कमरेला टेप लावावी आणि पुरुषांत ९० सेंटिमीटर, स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही मर्यादा धरावी.

त्यानंतर एकच बदल ठरवावा आणि तो त्या व्यक्तीनेच निवडावा. पुरुष एकटे आले असतील, तर पुढच्या वेळी घरात स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीलाही बोलवावे, कारण फोडणी त्यांच्या हातात नसते. सासूबाईंसमोर ‘भात बंद’ असे फर्मान काढण्यापेक्षा ताटात उसळ आणि कोशिंबीर आधी वाढून भात शेवटी, तोही एकदाच घ्यावा, हे घरात सहज स्वीकारले जाते.

उपवासांची चौकशी आवर्जून करावी. एकादशी, चतुर्थी किंवा गुरुवार असेल, तर साबुदाण्याची खिचडी म्हणजे बहुतांशी स्टार्चच पोटात जातो, हे बहुतेकांना पटते. दुसरी बाजू अधिक गंभीर आहे: ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने काही न खाता उपवास केला, तर साखर धोकादायकरीत्या उतरू शकते. अशा वेळी मात्रा आपण बदलू नये. तो अधिकार डॉक्टरांचा आहे. उपवास येण्याआधीच त्यांना चिठ्ठी लिहून कळवावे. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी दीर्घकाळ घेणाऱ्या शाकाहारी व्यक्तीच्या बी-१२ जीवनसत्त्वाच्या तपासणीबद्दलही त्याच चिठ्ठीत विचारावे.

दुसरी भेट पंधरा दिवसांनी ठेवावी आणि तिची सुरुवात जे जमले त्यापासून करावी. पंधरापैकी चार दिवस जमले असेल, तर त्या चार दिवशी काय वेगळे होते, ते विचारावे. एचबीए१सी ही रक्तातील साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी तपासणी असल्यामुळे महिन्याभरात ती पुन्हा करून घेण्याचा आग्रह धरू नये. चार्ट द्यायचाच असेल, तर या दुसऱ्या भेटीत, त्यांच्याच घरातल्या पदार्थांचा द्यावा.