शॅनन-वीव्हर मॉडेल टेलिफोनसाठी होतं, मग ते संज्ञापनाच्या (कम्युनिकेशनच्या) पहिल्या वर्षाला का शिकवतात?

शंका रास्त आहे. या मॉडेलमध्ये संदेश स्रोताकडून माध्यमातून ग्राहकाकडे एकाच दिशेने जातो, आणि वाटेत व्यत्यय (खरखर) येऊ शकतो. क्लॉड शॅनन बेल लॅब्समध्ये गणिती आणि इंजिनिअर म्हणून काम करत होते. 1948 च्या लेखात त्यांनी स्पष्टच लिहिलं की संदेशाचा अर्थ काय, याच्याशी इंजिनिअरिंगच्या प्रश्नाला देणंघेणं नाही. त्यांचा प्रश्न एवढाच होता की तारेत खरखर असताना संदेश पलीकडे जसाच्या तसा कसा पोचवायचा. माणसांच्या बोलण्याशी त्याची सांगड घातली ती मुख्यतः गणितज्ञ वॉरन वीव्हर यांनी, 1949 च्या पुस्तकात.

शिकवतात ते दोन कारणांनी. एक तर स्रोत, माध्यम, ग्राहक, व्यत्यय ही शब्दसंपत्ती पुढे सगळीकडे लागते. दुसरं, आणि माझ्या मते खरं कारण, हे मॉडेल कुठे तुटतं ते पाहिलं की पुढचे सिद्धांत आपोआप कळतात. व्हॉट्सॲपवर तुम्ही 'रविवारी येतेस ना?' विचारलं. दोन निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही. शॅननच्या हिशेबाने काम फत्ते, संदेश पोचला. तुम्ही मात्र रात्रभर त्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसता. म्हणजे तिकडूनही काहीतरी आलंच की! हा भाग संज्ञापनाचे अभ्यासक डीन बार्नलंड यांच्या 1970 च्या ट्रान्झॅक्शनल मॉडेलमध्ये येतो: दोघंही एकाच वेळी पाठवतात आणि अर्थही लावतात.

परीक्षेत नुसती आकृती काढून थांबू नका (बहुतेक जण तेच करतात), त्याखाली फीडबॅकचा (ग्राहकाकडून परत येणाऱ्या प्रतिसादाचा) अभाव आणि संदर्भाचा अभाव या दोन मर्यादा उदाहरणासकट लिहा.