पैदाशीची घोडी सवारीला घेताना

प्रश्न : साहेब, मी शिरपूर तालुक्यातला शेतकरी. तापीकाठी जमीन आहे. शेतात रोजची फेरी मारायला आणि थोडी हौस म्हणून सवारीची घोडी घ्यायची आहे. ओळखीच्या एका पागेत मारवाडी घोडी आहे. मालक नऊ वर्षांची सांगतो. तीन शिंगरं झाली, शेवटचं सात महिन्यांचं आहे, दूध तोडलंय. 'आधी फार छान चालायची, पैदाशीला लावली म्हणून सवारी बंद केली,' असं त्याचं म्हणणं. माझं वजन ६८ किलो. हीच घ्यावी की सारंगखेड्याच्या घोडेबाजाराची वाट पाहावी? वडील म्हणतात, पाठीवरचा भोवरा वाईट आहे.

उत्तर : भाऊ, मालकाचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. पैदाशीला लावली म्हणून सवारी बंद झाली, की सवारी बंद पडली म्हणून पैदाशीला लावली? चांगली चालणारी घोडी कुणी सहजासहजी खोगिराखालून काढत नाही. पाय अधू झाला, पाठ धरली, स्वार पाडायची खोड लागली, की मग 'हिची शिंगरं तरी घेऊ' असा विचार होतो. सगळ्यांचं असंच असतं असं नाही, चांगल्या वंशाची म्हणून राखलेल्या घोड्याही असतात. पण सवारी कोणत्या वर्षी थांबली, त्या वर्षी काय झालं आणि शेवटचा स्वार कोण होता, हे आधी विचारा. जमलं तर तो स्वार गाठा. त्याला विकायचं काही नसतं, त्यामुळे तो खरं बोलतो.

दुसरी गोष्ट तुमच्याच पत्रात आहे, पण तुमच्या लक्षात आलेली दिसत नाही. शिंगरू सात महिन्यांचं आहे. घोडी विल्यानंतर साधारण सात ते दहा दिवसांत पुन्हा माजावर येते, आणि पैदास करणारे बरेच लोक त्याच माजाला तिला वळूकडे नेतात. इथेही तसं झालं असेल, तर ती आज साडेसहा महिन्यांची गाभण असू शकते, आणि याबद्दल मालक अवाक्षर बोललेला नाही. घोडीचा गाभणकाळ सुमारे अकरा महिन्यांचा. म्हणजे विण्याला साडेचार महिने, नंतर शिंगरू दुधावर पाच-सहा महिने, आणि त्यानंतर तिला पुन्हा कामाला लावायला दोन-अडीच महिने. नीट सवारी मिळायला वर्ष उलटेल. गाभण घोडीवर पहिले पाच-सहा महिने हलकी सवारी चालते, पण ती आधीपासून सवय असलेल्या घोडीवर. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या घोडीला गाभणपणीच खोगीर चढवायचं नसतं. 'एका किमतीत दोन जीव' हे बोलणं ऐकायला गोड आहे. ज्याला शिंगरू हवंय त्याला ते ठीक, तुम्हाला तर सवारी हवी आहे. पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्या. इतक्या दिवसांचा गर्भ हाताने तपासून कळतो.

आता घोडीकडे. जाताना मोजपट्टी न्या. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छातीभोवतीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा. मग खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०, हे झालं अंदाजे वजन किलोत. समजा घेर १७२ आणि लांबी १५५ भरली, तर वजन ३८६ किलोच्या आसपास येतं. स्वार आणि खोगीर मिळून ओझं घोडीच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यावर जाऊ नये, म्हणजे इथे ७७ किलो. तुमचे ६८ आणि खोगिराचे आठ धरले की ७६ झाले. बसतं, पण काठावर. शिवाय हा हिशेब कसलेल्या घोडीचा आहे. बसून खाल्लेल्या घोडीच्या अंगावरची चरबी मापात धरली जाते, ओझं उचलायला तिचा उपयोग नसतो. त्यामुळे यापेक्षा लहान घोडी भरली तर तुम्ही तिच्यासाठी जड आहात, मग ती कितीही देखणी असो.

पाठ बाजूने पाहा. दोन-तीन वेतांनंतर पोट सुटतं आणि पाठ थोडी खोलगट होते, तेवढं चालतं. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी अंगठे दाबत मानेपासून कमरेपर्यंत जा. घोडी एखाद्या ठिकाणी अंग चोरते, कान पाडते, तिथे दुखतंय. खोगिराच्या जागी पांढऱ्या केसांचे ठिपके दिसले तर ती पूर्वी खरंच सवारीला होती, मात्र खोगीर तिला लागत होतं. असे ठिपके नसले म्हणून मालक खोटा ठरत नाही, पण असले की जुनी गोष्ट कळते. तसंच तोंडाचे कोपरे आणि जीभ पाहा. तिथे जुने व्रण असले तर काटेरी लगाम वापरलाय. ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी त्याला मनाई आहे, तरी तो वापरात दिसतो. अशी घोडी हात ओढला की मान फेकते, आणि ती खोड जायला महिने लागतात.

तोंड उघडून पाहताय तर दातांवरून वयही ताडून घ्या. पाच वर्षांची होईपर्यंत पुढचे दुधाचे दात पडून कायमचे आलेले असतात. वरच्या कोपऱ्याच्या दातावर हिरडीपासून एक काळसर खाच साधारण दहाव्या वर्षी दिसू लागते आणि पंधराव्याला दाताच्या निम्म्यापर्यंत उतरते. नऊची म्हणून सांगितलेल्या घोडीची खाच अर्ध्या दातावर दिसली, तर तिचं वय सांगणारा चुकतोय किंवा चुकवतोय.

पायांवर मात्र वेळ घाला. एका बाजारात एका शेतकऱ्यासोबत घोडी पाहायला गेलो होतो. मोतद्दार तिला नदीच्या वाळूत दौडवून दाखवत होता, शेपूट झेंड्यासारखी, बघे खूश. मी म्हटलं, जरा डांबरी रस्त्यावर आणा. रस्त्यावर दुडकी सुरू होताच उजवा पुढचा पाय टेकला की डोकं वर जायला लागलं. कठीण जमिनीवर दिसणारं दुखणं मऊ जमीन लपवते. त्यामुळे कठीण, सपाट जमिनीवर, सैल दोरीने, सरळ रेषेत दुडकी चालवायला सांगा. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना डोकं वर जातं. मागचा दुखत असेल तर त्या बाजूचा पुठ्ठा जास्त वरखाली होतो. मग दोन्ही हातांना गोल फिरवा. खुरांवर गोल वळ्या असतात, पण त्या टाचेकडे रुंद होत गेल्या असतील तर पूर्वी लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, होऊन गेल्याची शंका घ्या. धान्यावर माजलेल्या घोड्यांत तो सर्रास होतो. जास्त वेतं झालेल्या घोडीचा खुरावरचा सांधा जमिनीकडे खचलेला दिसतोय का, हेही पाहा. तसा असेल तर तिथूनच परत फिरा, कारण तो पाय ओझं धरत नाही.

वेदनाशामक टोचून घोडी एक दिवस ठीक चालवता येते. म्हणून निदान तीनदा जा, त्यातल्या एकदा न सांगता सकाळी. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढचे-मागचे बांधायचे दोर, सोडले की कशी वागते, एकटी बाहेर काढली तर शिंगरासाठी खिंकाळत मागे पळते का, हे त्या वेळी कळतं. तुम्ही चढण्याआधी मालकाच्या माणसाला चढायला सांगा. तोच टाळाटाळ करत असेल तर उत्तर मिळालं. घोडी लग्नाच्या वरातीत नाचवलेली असेल तर तेही विचारा. अशा घोडीचा लगाम जरा आवळला की ती पुढचे पाय उचलून ठुमकायला लागते. वरातीत शोभतं, कपाशीच्या बांधावर नाही.

माजावर असताना पुष्कळ घोड्या चिडक्या होतात. साधारण एकवीस दिवसांनी माज येतो आणि पाच-सात दिवस टिकतो. पाहायला गेलात त्या दिवशी ती शेपूट उचलून वारंवार मुतत असेल, टाच लागताच ओरडत असेल, तर लगेच स्वभाव वाईट ठरवू नका, आठवड्याने पुन्हा जा.

रक्ततपासणीशिवाय पैसे देऊ नका. ग्लँडर्स हा माणसालाही होणारा जीवघेणा आजार आहे, आणि तो आढळल्यास २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांच्या कायद्याप्रमाणे कळवावा लागतो. नमुना सरकारी दवाखान्यामार्फत पाठवता येतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. त्याच रक्तात सर्राही तपासायला सांगा. गोमाश्यांमुळे पसरणारा हा आजार घोडीला आतून पोखरतो. नाकाच्या एकाच बाजूने चिकट स्राव, मागच्या पायांवर गाठी किंवा फुटलेले व्रण दिसले तर जवळही जाऊ नका. घोडी घरी आल्यावर तीन-चार आठवडे बैलांपासून आणि इतर जनावरांपासून वेगळी बांधा, आणि धनुर्वाताची लस राहून गेलेली असल्यास द्या.

भोवऱ्याचं म्हणाल, तर भोवरा ही केसांची ठेवण आहे. तिचा पायाशी, पाठीशी, स्वभावाशी संबंध नाही. पण बाजार भोवरा मानतो, हे वडिलांचं म्हणणं खोटं नाही. उद्या घोडी विकायची वेळ आली तर किंमत कमी येईल. तेवढं आजच्या किमतीतून कमी करून घ्या. वडिलांचं मन दुखावून घरात घोडी आणायची का, हा प्रश्न तुमच्या घरातला, त्यात मी पडत नाही.

सारंगखेड्याचा बाजार दत्त जयंतीला भरतो. जनावरं तिथे भरपूर मिळतात, पण प्रत्येकीला पाहायला वेळ थोडा. तुमच्या ओळखीची घोडी मात्र तीनदा पाहता येते, तिचा जुना स्वार शोधता येतो. म्हणून आधी तीच तपासा. येत्या आठवड्यात पशुवैद्यकाला घेऊन जाल तेव्हा मालकाकडून दोन तारखा कागदावर लिहून घ्या : शिंगरू जन्मल्याची, आणि त्यानंतर घोडी वळूकडे नेली असेल तर त्या दिवसाची.